ओटीपी सांगायला शिकवलं कोणी?

“ओटीपी काहून सांगितला गा?”

फोनवरून पैसे गेलेल्या माणसाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या सिंदेवाहीत पहिला प्रश्न हाच येतो. बँकेत हाच, ठाण्यात हाच, घरी पोराच्या तोंडी हाच. पानठेल्यावर उभा असलेला, ज्याचं या प्रकरणाशी काही देणंघेणं नाही, तोही हेच विचारतो. पैसे कोणत्या खात्यात गेले, ते अजून तिथं आहेत का, थांबवता येतील का, हे विचारणारा कोणी नसतो. चोर बाजूलाच राहतो आणि लुटला गेलेला माणूस मान खाली घालून उभा राहतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्याला ओटीपी सांगायला शिकवलं कोणी?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाइलवर आलेले आकडे भरायचे. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर आलेले आकडे. मुदत १८ नोव्हेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ज्या बाईच्या हातात साधा फोन आहे, जिला इंग्रजी अक्षर लागत नाही, तिनं हे घरी बसून करायचं होतं म्हणे. ती अर्थातच सेवा केंद्रात गेली. टेबलामागचा पोरगा म्हणाला, “मावशी, आकडे आले का? वाचा.” मावशीला वाचता आलं नाही तर तिनं फोनच त्याच्या हातात दिला. तिच्यामागं रांग होती, सर्व्हर अडकत होता आणि गावभर एकच वाक्य फिरत होतं: केवायसी झाली नाही तर दीड हजार बंद.

आता चोराचा फोन ऐका. “लाडकी बहीण योजनेतून बोलतो. तुमची केवायसी अपुरी आहे. आज झाली नाही तर हप्ता बंद होईल. मोबाइलवर आकडे येतील, ते वाचा.”

या दोन बोलण्यांत फरक दाखवा. योजना तीच, मुदत तीच, भीती तीच, आकडेही तसेच. पीएम किसानची ई-केवायसी, फार्मर आयडी, ई-पीक पाहणी, धान खरेदीची नोंदणी, आयुष्मान कार्ड: दरवेळी मोबाइल पुढं करायचा आणि समोरचा मागेल ते द्यायचं, हे आपणच या माणसांना शिकवलं. वर्षानुवर्षं शिकवलं. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा बोर्ड बँकेच्या भिंतीवर आहे, आणि ‘ओटीपी सांगितल्याशिवाय काम होणार नाही’ हा रोजचा अनुभव आहे. माणूस बोर्डावर नाही, अनुभवावर विश्वास ठेवतो. त्याला मूर्ख म्हणायचा अधिकार ना सरकारला आहे, ना बँकेला, ना मला.

दुसरा फुकटचा सल्ला: अनोळखी नंबर उचलूच नका.

हा सल्ला देणाऱ्यानं एक हंगाम सिंदेवाही तालुक्यात काढावा. धान कापणीला आलं की हार्वेस्टरवाल्याचा फोन कोणत्या नंबरावरून येईल सांगता येत नाही. धान विकायला नोंदणी केली की केंद्रावरून बोलावणं येतं, तेही कोणाच्या तरी खासगी मोबाइलवरून. उन्हाळ्याआधी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथं चार्जिंग संपलं, रिचार्ज संपलं की मुकादमाच्या किंवा शेतमालकाच्या फोनवरून घरी बोलतात. घरच्यांसाठी तो अनोळखीच नंबर. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. वडशाच्या नाटक कंपन्यांना तारखा मागणारे गावोगावचे फोन अनोळखीच असतात, तो त्यांचा धंदाच आहे.

आणि १० मे २०२५ आठवा. मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या तालुक्यात माणूस सकाळी जंगलात जातो आणि संध्याकाळी परत येईल याची खात्री नसते, तिथं घरच्या माणसानं वाजणारा फोन उचलू नये असं कोण म्हणणार? आपल्या घरचं कोणी जंगलात गेलं असेल तर आपण पहिल्या रिंगला उचलू.

याच विषयात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार टोचते. वाघानं माणूस मारला तर महाराष्ट्र सरकार वारसाला २५ लाख देतं. मृताचं नाव, गाव, वारस, रक्कम, सगळं पेपरात छापून येतं, साहेबांच्या हस्ते धनादेश देतानाच्या फोटोसकट. ते चोरही वाचू शकतो. आयुष्यात पहिल्यांदा ज्या घराच्या खात्यात एवढे पैसे येतात, त्या घराला ‘आता तुम्हाला कोणाचे फोन येतील आणि काय बोलायचं’ हे सांगायला धनादेश देणाऱ्यांपैकी एक माणूस तरी बसला पाहिजे. अर्धा तास पुरतो.

म्हणून फोन उचला. मात्र समोरचा कोण हे नंबरावरून ठरवू नका, तो काय मागतो त्यावरून ठरवा.

नंबरावर भरवसा का नाही? कारण परदेशातून केलेला फोन भारतातल्या दहा आकडी नंबराचा वेश घेऊन येऊ शकतो. २२ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं असे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेले. एका दिवसात. आता यंत्रणा आहे म्हणून चोर देशातल्या सिमकडे आणि व्हॉट्सॲपकडे वळतो. व्हॉट्सॲपवर फोटो कोणाचाही लावता येतो, ठाणेदाराचासुद्धा. ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांच्या फोनमधल्या यादीतून जमा झालेलं असतं. चोरानं स्वतःचं नाव ‘स्टेट बँक’ असं चढवून घेतलं तर तेच दिसेल.

काही खुणा मात्र उपयोगाच्या आहेत. जाहिरातीच्या फोनसाठी १४० नं सुरू होणारे नंबर आहेत. बँका आणि सरकारी खात्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. कंपनीच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. सरकारी मेसेज असेल तर तिथं इंग्रजी ‘जी’ असतो. महावितरणचा मेसेज महावितरणच्या नावानं येतो, एखाद्याच्या खासगी मोबाइलवरून नाही. या खुणा बँकांनी आणि कार्यालयांनी मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला हव्या होत्या. आपल्या तालुक्यात किती भिंतींवर आहेत, ते येता-जाता बघा.

आता मागणी. फोनवरचा माणूस आकडे मागतो, पिन मागतो, फाइल उघडायला लावतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, ‘पडताळणीसाठी’ पैसे पाठवायला सांगतो, किंवा ‘घरात कोणाला सांगू नका’ म्हणतो. यातली एक जरी गोष्ट कानावर पडली की बोलणं संपवायचं. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, त्याला शिव्या द्यायलाही थांबायचं नाही. एवढंच म्हणायचं: “ठेवा, मीच लावतो.” आणि ठेवायचा.

हे तीन शब्द खरी माणसं आणि खोटी माणसं वेगळी करतात. खरा बँकवाला म्हणेल, बरं, शाखेत या. खरा तलाठी म्हणेल, उद्या कार्यालयात भेटा. चोर मात्र ठेवू देत नाही. तो आवाज चढवतो, मुदत आणखी जवळ आणतो, दुसऱ्या ‘साहेबां’ना फोन देतो. कारण तुम्ही फोन ठेवून शेजाऱ्याशी एक वाक्य जरी बोललात तरी त्याचा डाव मोडतो, हे त्याला माहीत असतं. सारी कला तुम्हाला एकटं ठेवण्यात आहे.

फोन लावायचा तो पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा, बिलावरचा नंबर बघून. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून नाही. तिथं चोरांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. आणि सिंदेवाहीसारख्या गावात याहून चांगला उपाय आहे. बाजाराच्या दिवशी शाखेत जायचं. तिथला कॅशियर आपल्याला ओळखतो, शिपाई कोणत्या गावचा हेही आपल्याला ठाऊक असतं. मुंबईच्या पंचविसाव्या मजल्यावरच्या माणसाला ही सोय नाही.

विजेच्या फोनचं उदाहरण घेऊ, कारण उन्हाळी धान ज्याच्या शेतात उभं आहे त्याला ही भीती खरी वाटते. मेसेज येतो: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, अमुक अधिकाऱ्याला ताबडतोब फोन करा. त्या ‘अधिकाऱ्या’ला फोन केला की तो ॲप टाकायला सांगतो, मग दहा रुपये भरायला सांगतो, आणि दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेला पिन त्याला दिसतो. कायदा काय म्हणतो? वीज कायदा २००३ चं कलम ५६: थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी लेखी नोटीस आणि पूर्ण १५ दिवसांची मुदत. आज रात्री साडेनऊ हा प्रकारच त्यात बसत नाही. एवढं एक कलम माहीत असलं की तो मेसेज तिथंच मरतो.

फाइलचा प्रकार याहून वाईट, कारण त्यात तुम्हाला काही सांगावंच लागत नाही. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव असतं ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ नाहीतर लग्नपत्रिका. शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरं असतात. पत्रिका कधी एपीके नसते, चलानही नसतं. ते ॲप असतं. ते उघडून परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज चोराला वाचता येतात; बँकेचे आकडे तुमच्या आधी त्याच्यापर्यंत पोचतात. आणि तुमच्याच फोनवरून तीच फाइल तुमच्या सगळ्या पाहुण्यांना जाते, म्हणून पुढचा माणूस ती विश्वासानं उघडतो. ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून फाइल खरी ठरत नाही. अशी फाइल उघडलीच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा.

पूर्वी आणखी एक युक्ती जोरात होती: ‘तुमच्या सिमची तक्रार आहे, स्टार ४०१ दाबून हा नंबर लावा’. त्यानं तुमचे सगळे फोन चोराकडे वळत. दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून ही आकडे दाबून फोन वळवायची सोयच बंद करायला लावली. तसंच यूपीआयवर कोणीही कोणाकडं पैशाची ‘मागणी’ पाठवू शकत होतं आणि लोक ती पैसे मिळणार समजून मंजूर करत होते. ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतली ती मागणी बंद झाली. ही दोन उदाहरणं मुद्दाम देतो. दार बंद करणं व्यवस्थेच्या हातात असतं. जोवर दार उघडं होतं तोवर ‘ग्राहकांनी सावध राहावं’ एवढंच ऐकू येत होतं. बंद केलं तेव्हा एका आदेशात झालं.

‘डिजिटल अरेस्ट’वर मात्र थांबावं लागेल.

त्याची रीत अशी. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला. मग फोन ‘पोलिसां’कडे जातो, व्हिडिओवर खाकी गणवेश, मागे ठाण्याचा देखावा, टेबलावर राष्ट्रध्वज. मग ‘सीबीआय’, मग ‘ईडी’, मग कागदावर अटक वॉरंट. कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर जायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. पैसे ‘तपासणी’साठी सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

यात कोण सापडलं? ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल. त्यांच्यासमोर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, सरन्यायाधीशांचं सोंग घेऊन. सात कोटी गेले. मुंबईत ८६ वर्षांच्या एका वृद्धेकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात २० कोटींहून अधिक काढले. २०२५ मध्येच मुंबईतल्या ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे ५८ कोटी गेले. हरियाणातल्या अंबाल्याच्या वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटीहून अधिक लुटलं, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

यातलं कोणी अडाणी नव्हतं. आणि आपल्या जिल्ह्यात बघा: फेब्रुवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या यंत्रणेतूनच तीन कोटींहून अधिक रुपये परस्पर बाहेर गेले. खातेदारांपैकी कोणीही फोनवर एक आकडा सांगितला नव्हता. बँकेचे पैसे गेले तर तो सायबर हल्ला, आणि नवरगावच्या म्हाताऱ्याचे गेले तर त्याचा भोळेपणा, हा भेद मला मान्य नाही.

कायदा साधा आहे, तो पाठच करा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं. अटक करायची तर पोलिसाला तुमच्यासमोर प्रत्यक्ष यावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही. अपवादातही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर पोलिसांना सांगितलं की हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावायची नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेलं वॉरंट वाचायचंही नाही. फोन ठेवायचा आणि सिंदेवाहीच्या ठाण्यात पायी जाऊन विचारायचं. ठाणं खरं आहे.

ठाण्याचं नाव काढलं म्हणून सांगतो. गडचिरोली आणि आपल्याकडच्या जंगलपट्टीतल्या माणसाला गणवेशाची भीती बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. तिच्यामागं कारणं आहेत, पिढ्यांची आहेत. ‘साहेब’ म्हणून कोणी दरडावलं की मान आपोआप झुकते. चोर त्या झुकणाऱ्या मानेवर जगतो. म्हणून ठाण्यातल्या खऱ्या साहेबांनी पुढं यायला हवं. गावात येऊन, गणवेशात, लोकांना सांगायला हवं की फोनवर माझ्या नावानं कोणी दरडावलं तर तुम्ही त्याचा फोन आपटून ठेवा, मी रागावणार नाही. हे वाक्य पोलिसाच्या तोंडून ऐकलं तर त्याचं वजन माझ्या शंभर लेखांपेक्षा जास्त.

तरीही पैसे गेले. मग?

मग रडायला, लाजायला आणि घरच्यांची बोलणी खायला नंतर वेळ आहे. पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला. चोरीचे पैसे एका खात्यात पडून राहत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फुटत जातात आणि कुठंतरी एटीएममधून नोटा होऊन निघतात. नोटा झाल्या की संपलं. त्याआधी १९३० वर तक्रार पोचली तर पुढच्या बँकेला ती रक्कम रोखायला सांगता येतं. केंद्रीय गृहमंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार या व्यवस्थेतून तोवर ५,४८९ कोटी रुपये वाचवले गेले होते. पण एकट्या २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटी, म्हणजे २०२३ च्या तिपटीहून जास्त. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उशीर किती महाग पडतो ते कळतं.

फोन करताना हाताशी ठेवायचं: आपला खाते क्रमांक, किती वाजता किती गेले, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो १२ आकडी असतो, मेसेजमध्येच मिळतो. मग लगेच बँकेत लेखी अर्ज, पोच घेऊन. पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याचं कारण पुढं आहे.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेले तरी त्यानं कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. हे शेवटचं वाक्य किती शाखांमध्ये कोणी उच्चारलेलं ऐकलंय? तिथं तर “तुम्हीच ओटीपी दिला” एवढं म्हणून फाइल मिटते. मिटू देऊ नका. ३० दिवसांत बँकेनं नीट उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, एक पैसाही लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

तरी या परिपत्रकात मोठं भोक आहे. धमकीनं, फसवून, तुमच्याच हातानं पैसे पाठवायला लावले तर ते ‘तुम्ही पाठवले’ असं धरतात. ब्रिटननं हे भोक बुजवलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं अशा फसवणुकीत गेलेले पैसे ८५ हजार पौंडांपर्यंत बँकेनं परत करायचे आहेत, आणि भार पैसे जिथून गेले त्या बँकेवर अर्धा, जिथं पोचले त्या बँकेवर अर्धा. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा असेल तर तो बँकेनं सिद्ध करायचा. पैसे घेणाऱ्या बँकेच्या खिशाला हात लागला की ती चोराला खातं उघडून देताना दहादा विचार करते. आपल्याकडे चोराचं खातं उघडणाऱ्या बँकेला काय होतं? मला या एका प्रश्नाचं उत्तर अर्थमंत्रालयाकडून हवं आहे.

कारण चोर कुठंही असो, म्यानमारच्या सीमेवरच्या बंदिस्त वसाहतीत असो की झारखंडच्या जामताड्यात, त्याला पैसे उतरवायला भारतातलं खातं लागतं. ते खातं आपल्यासारख्या गावातलं पोरगं देतं. “खातं वापरायला दे, पाच हजार घे,” असं कोणीतरी म्हणतं. पासबुक, एटीएम, सिम, सगळं तो देऊन टाकतो. काम नाही, कारखाना नाही, पोलीस भरतीचं वय निघून चाललं, मला हे कळतं. पण त्या पाच हजारांत दुसऱ्या कोणत्या तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचं धानाचं वर्ष जातं. आणि पोलीस येतात ते खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या घरी. सिमचंही तसंच: दुसऱ्याच्या नावावर फसवून सिम घेणाऱ्याला दूरसंचार कायदा २०२३ नं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट दिसतं. नको ते तिथूनच तोडायला सांगता येतं. फसवणुकीच्या संशयाचा फोन आला, पैसे गेले नाहीत, तरी तो नंबर तिथल्याच ‘चक्षू’ सोयीत कळवा. तुमचे पैसे वाचले, आता पुढच्याचे वाचवा.

घरात एक गोष्ट आजच ठरवून ठेवा, विशेषतः ज्यांचं लेकरू पुण्या-हैदराबादेत आहे. ‘तुमचा मुलगा अपघातात सापडला, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन येतो आणि आता मागून मुलाच्या आवाजाची नक्कलही ऐकवता येते. घरचाच माणूस सांगू शकेल असा एक प्रश्न ठरवा. पहिल्या बैलजोडीची नावं, आजीनं ठेवलेलं टोपणनाव, काहीही. घाबरलेल्या आईला फोनवर सुचेल असा, सोपा.

आता तालुक्यातल्या कार्यालयांकडे माझ्या मागण्या. सेवा केंद्रात मोठ्यानं ओटीपी वाचायला लावणं बंद करा. बाईला कीपॅड द्या, तिला स्वतः आकडे दाबू द्या, वेळ लागला तर लागू द्या. तिला दाबता येत नसेल तर बोटाचा ठसा घेणारं यंत्र चालू स्थितीत ठेवा. हप्ता बंद होईल असा मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक खात्यानं त्याच मेसेजात लिहावं की यासाठी तुम्हाला कोणीही फोन करणार नाही. धान खरेदी केंद्रानं ज्या नंबरावरून फोन करणार तो नंबर नोंदणीच्या पावतीवरच छापावा. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतातच. त्या विषयपत्रिकेत गेल्या तीन महिन्यांत गावात कोणाला कसले फोन आले हा विषय घ्या. ज्याचे पैसे गेले तो तिथं उभा राहून बोलू शकला पाहिजे. तो बोलताना जो कोणी हसेल त्याला सरपंचानं तिथंच गप्प बसवावं, आणि बोलणाऱ्याची तक्रार १९३० वर नोंदली गेली आहे का, बँकेची पोच मिळाली आहे का, हे इतिवृत्तात लिहून घ्यावं.